टिलीच्या नावाची नोंद

मठाचे कारभारी वेडिगे फॉन माल्खो मंगळवारी दुपारी गाडीतून उतरले, तेव्हा बॅरन हेनिंग फॉन ट्रेबेनो आपल्या आयुष्याचं एकच पान चौथ्यांदा लिहीत बसले होते.

ट्रेबेनो घराण्यातल्या कर्त्या पुरुषाने उतारवयात आपली हकिकत कुलवृत्तांताच्या जाड वहीत लिहून ठेवायची, अशी जुनी चाल होती. पणजोबांनी सव्वा पानात काम उरकलं होतं, आणि त्यातलंही निम्मं कुत्र्यांबद्दल होतं. हेनिंगची एकशेचाळीस पानं झाली होती. इतकं लिहिण्यासारखं आपल्या हातून काय घडलं, असं त्यांना रोज सकाळी वाटायचं, आणि तरी ते लिहायचे. ड्रॅगून घोडदळाच्या पलटणीतली वर्षं लिहून झाली होती. श्वेरिनच्या दरबारातली सव्वीस वर्षंही झाली होती. त्यातली शेवटची अकरा ते हॉफमार्शल होते. ड्यूकसाहेबांच्या घरचा सगळा मानपान त्यांच्या हाती असे. अडलं होतं ते फक्त १८७१ च्या जानेवारीचं पान. तेवढं कोरं सोडून ते पुढे गेले होते आणि आता परत फिरून त्याच पानाशी आले होते.

कच्च्या कागदांवरून वहीत सुवाच्य अक्षरात उतरवण्याचं काम टिलीचं. ओटिली, त्यांची एकुलती एक मुलगी, चाळीस वर्षांची. रोज दुपारी चार वाजता ती चष्मा लावून खिडकीपाशी बसायची, प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने वाचायची आणि मगच लिहायची.

"पपा, हा घोडा आहे की मंत्री?"

"मंत्री."

"मग त्याला खरारा कशाला केलाय तुम्ही?"

"दाखव बघू. नाही, नाही, घोडाच."

दोघांचे दिवस असे जात होते. आमेलीला, हेनिंगच्या बायकोला, जाऊन तेरा वर्षं झाली होती. तेव्हापासून घर टिलीच चालवत होती. दूधदुभतं, मधमाश्या, बापाचे लोकरी मोजे, सगळं तिच्याकडे.

वेडिगे जेवायला बसले. ते हेनिंगच्याच पलटणीतले, एकाच वर्षी दोघांनी तलवार बांधलेली, त्यामुळे या घरात त्यांना काही विचारावं लागत नसे. नासपतीच्या फोडी घातलेलं ईल माशाचं सूप त्यांनी दोनदा घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मठातली कार्लोबाई गेली. रविवारी सकाळी."

"अरेरे, बिचारी!" टिली म्हणाली.

"बिचारी कसली! एक्क्याण्णव वर्षांची होती. सकाळची कॉफी प्यायली, कप रिकामा केला आणि गेली. कधी काही वाया घालवलं नाही बाईने."

टिली हसली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. कॉफीचं बघते म्हणून ती उठली आणि गेली ती बराच वेळ आली नाही. लिंडेनवेर्डरच्या मठात जागा रिकामी झाली की कुणाच्या घरात काय बोललं जातं, हे तिला ठाऊक होतं.

मठ नावाचाच होता. नवससायास, उपासतापास तिथे काही नव्हतं. तळ्याकाठी लाल विटांची जुनी इमारत, आणि तिथे घराणेदार पण बिनलग्नाच्या बायका राहायच्या. प्रत्येकीला दोन खोल्या, बागेचा तुकडा, सरपण, वर्षाचा तनखा, चर्चमध्ये स्वतःची खुर्ची आणि मरेपर्यंत मान. जागा मोजक्या. म्हणून या भागात मुलगी जन्मली की बाप्तिस्म्याच्या आधी तिचं नाव मठाच्या वहीत जायचं, आणि वहीतल्या क्रमाने, चाळीस-पन्नास वर्षांनी, जिचं लग्न झालेलं नसेल तिला जागा मिळायची. नोंद बापानेच करायची. बापाच्या सहीशिवाय चालत नसे.

"आता नंबर हेडविगचा," वेडिगे आवाज खाली आणून म्हणाले. "हेडविग फॉन राबेनो. तिच्यानंतर आपली टिली."

"ठाऊक आहे मला."

"हेनिंग, तू तरी किती दिवस आहेस? वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत. ग्युस्ट्रोचे डॉक्टर हेच म्हणतात, फक्त लॅटिनमध्ये."

"तू गेलास की हे घर पुतण्याचं, बोडोचं. त्याची बायको गेल्या महिन्यात येऊन पडद्यांची मापं घेऊन गेली म्हणे."

"बिलियर्डचं टेबल मावेल का, याचंही घेतलं. टिलीच्या खोलीत."

"तेच म्हणतोय मी." वेडिगे पुढे झुकले. "आता ऐक. जुनी दप्तरं काल मी चाळली. बहात्तर साली मठाच्या सभेने ठराव केला होता. लढाईवर असलेल्या बापाला पत्र टपालाच्या घोळामुळे उशिरा मिळालं असेल, तर त्याच्या मुलीचा क्रम नोंदीच्या तारखेवरून न धरता जन्माच्या तारखेवरून धरायचा. पुरावा नको. बापाने इभ्रतीवर शब्द दिला की पुरे. टिलीचा जन्म सहा जानेवारीचा, हेडविगचा बावीसचा. हेडविगचा बाप घरी पाय सुजवून बसला होता, त्याने दुसऱ्याच दिवशी नोंद केली. तुझी सही पोचली अठ्ठावीसला. तू तेव्हाच ठरावाचा फायदा घेतला असतास, तर टिली पुढेच होती! का नाही घेतलास?"

"वाटलं, पोरगी लग्न करून जाईल."

"ठरावाचा फायदा घे, असं आमेलीने तुला सांगितलं असेलच की."

"सांगितलं होतं."

"जाऊ दे. अजून वेळ गेलेली नाही. शनिवारी दुपारी सभा आहे. तोवर एक चिठ्ठी दे मला, चार ओळींची. आणि कुणी कुरकुर केलीच, तर मी आहे ना! फ्रान्सच्या लढाईत, ल माँमध्ये, रोज सकाळी मीच तुला विचारत होतो, घरून काय खबर? आणि तू म्हणायचास, अजून नाही. नऊ-दहा दिवस तर नक्कीच. तुझा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

कॉफी आली. टिलीने वेडिगेकाकांना साखर वाढली, स्वतःच्या कपात मात्र दोनदा घातली.

वेडिगे गेल्यावर हेनिंग आपल्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. लहानपणापासून त्यांना माणसांपेक्षा ही खोली जवळची. पलटणीत असतानाही खोगिराच्या पिशवीत एखादं पुस्तक असायचंच, आणि मेजवानीत दोन अनोळखी बायकांच्या मधे बसायची वेळ आली की हाताला घाम फुटायचा. असा माणूस पुढे हॉफमार्शल कसा झाला, याचं लोकांना नवल वाटे. हेनिंगना मात्र त्याचं कारण नेमकं ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर सालची शिकारीनंतरची मेजवानी. टेबलावर कुणीतरी लढाईतल्या टपालाचा विषय काढला आणि वेडिगे ओरडले, "हेनिंगला विचारा! त्याला मुलगी झाल्याचं दोन आठवडे कळलं नव्हतं." सगळ्यांच्या माना वळल्या. काहीतरी बोलणं भागच होतं. आणि हेनिंग बोलायला लागले. बर्फात रुतलेली टपालगाडी त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर आली. मग बसकण मारलेला घोडा आला. मग मिशा गोठून तोंड उघडता येत नाही म्हणून हातवारे करून पत्रांवरच्या पत्त्यांचा उलगडा करणारा टपालवाला आला. ड्यूकसाहेबांनी हातातला काटा खाली ठेवला आणि डोळे पुसेपर्यंत हसले. पुढच्या हिवाळ्यात हेनिंगना दरबाराचं बोलावणं आलं, कमरेला मानकऱ्याची सोनेरी किल्ली लागली.

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल! लाजाळू माणसाला चार लोकांत उभं राहायला एखादी तरी गोष्ट हाताशी लागते. त्यांच्यापाशी ती एकच होती. दर वर्षी तिच्यात थोडी भर पडायची. एका हिवाळ्यात टपालवाल्याला वाटेत लांडगाही भेटला.

आणि काय हिवाळे होते ते! जानेवारीत तळं गोठलं की श्वेरिनच्या घराघरांतून दिवे लागायचे. गाडीत पायांखाली गरम विटा, मांडीवर अस्वलाचं कातडं, शेजारी आमेली, तिच्या हातमोज्यांना जिऱ्याच्या पावाचा वास, कारण जेवण उशिरा मिळतं म्हणून निघताना ती नेहमी एक तुकडा खाऊन घ्यायची. राजवाड्याच्या जिन्यावर मेणबत्त्यांच्या उष्णतेने फुलं माना टाकायची, आणि त्या फुलांना दुपारी तीनदा पाणी घातलं की नाही, हे हेनिंगना बघावं लागे. कोण कुणाच्या आधी आत जाणार, कुणाच्या डाव्या हाताला कोण बसणार, कोणती विधवा कोणत्या सेनापतीचं तोंड पाहत नाही, हे सगळं डोक्यात. आदल्या दिवशी ते घरी गालिच्यावर बटणं मांडायचे. हस्तिदंती बटणं म्हणजे बायका, पितळी म्हणजे लष्करातले, काळी म्हणजे धर्मगुरू. सहा वर्षांची टिली पोटावर पडून ती बटणं सरकवायची.

"पपा, या मोठ्या काळ्याला इथे नका बसवू."

"का गं?"

"तो पितळी बटणाशी भांडतो. मागच्या वेळी तुम्हीच आईला सांगत होतात."

एकदा तिचं ऐकून त्यांनी खरोखरच पाहुण्यांची एक अख्खी बाजू बदलली होती, आणि ती मेजवानी सगळ्यांत शांत पार पडली होती. हे त्यांनी वहीत लिहिलं होतं. टिलीने ते उतरवताना नाक मुरडलं होतं: "हे खोटं आहे, पपा." पण तिने ते गाळलं नव्हतं. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

बुधवारी सकाळी हेनिंगनी चिठ्ठी लिहिली. चारच ओळी. 'पत्नीचं पत्र मला टपालाच्या विलंबामुळे वेळेवर मिळालं नाही, असं मी इभ्रतीवर सांगतो.' खाली सही केली, शाई वाळवली, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग दिवसभर त्यांचा हात खिशाकडे जात राहिला.

गुरुवारी हेडविग आली. ती भावाच्या घरी राहायची. भावाला सहा मुलं, आणि सहाही मुलांची तापातली रात्रपाळी हेडविगआत्याकडे. उंच, हाडकुळी, लांब पावलं टाकत चालणारी. आली तीच मुळी बोलत बोलत.

"काका, नमस्कार! टिली, लेस विणायला सूत दे गं, माझं सगळं त्या धाकट्याने मांजरीला खेळायला दिलं. मी तर काल ठरवलं, मठात गेल्यावर पहिलं काम काय करायचं. दाराला आतून कडी लावायची आणि तासभर नुसतं बसायचं."

"तासभर? तुला? जमणार नाही," टिली म्हणाली. "पंधरा मिनिटांत दार उघडून कुणी शिंकतंय का बघशील."

"तू ये ना मग शिंकायला. तुझाही नंबर लागेलच." हेडविगने टिलीच्या पाठीवर थाप मारली. "सोळा दिवसांनी मोठी असून पाठीमागे! काका, ती गोष्ट सांगा ना पुन्हा, मिशा गोठलेल्या टपालवाल्याची. माझ्या दोन खोल्या मला त्याच्याच कृपेने मिळतायत. पूर्वेची खिडकी आहे, तळ्यावरची. तिथे मी माझा पिवळा पक्षी टांगणार. भावजय त्याला स्वयंपाकघरात ठेवते, धुराने तो गातच नाही हो."

"आज घसा बरा नाही," हेनिंग म्हणाले.

त्यांनी कोटाच्या खिशावर हात दाबून धरला होता. टिलीच्या ते ध्यानात आलं.

"छातीत दुखतंय का, पपा?"

"नाही, नाही. तुम्ही बोला."

दोघी खिडकीशी बसून सुताचा गुंता सोडवत राहिल्या, आणि एकमेकींना टोमणे मारत राहिल्या, तशाच जशा वयाच्या दहाव्या वर्षी मारायच्या. हेनिंग पुस्तक उघडून बसले. पान काही उलटलं नाही.

शुक्रवारी त्यांनी आधी खिशातली चिठ्ठी शेगडीत टाकली. मग १८७१ च्या जानेवारीचं पान पाचव्यांदा लिहायला घेतलं. या वेळी खाडाखोड झाली नाही. टिलीला समोर बसवून हे सांगायचं, तर त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांनी तो कागद उतरवायच्या कागदांत सगळ्यांत वर ठेवला, आणि चार वाजायची वाट पाहत खुर्चीत बसून राहिले.

टिली आली. चष्मा लावला, टाक पुसला, आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली.

"'सहा जानेवारीला माझी मुलगी जन्मली. आमेलीचं पत्र मला तेरा तारखेला ल माँमध्ये मिळालं. टपालाचा काहीही दोष नव्हता. उलट एवढ्या बर्फात ते लवकरच आलं. पत्रासोबत मठाच्या नोंदीचा कागद होता, त्यावर मी सही करून लगेच परत धाडायचा होता.' पपा, तेरा? तेराच आहे ना हा आकडा?"

"तेरा."

"'पत्र वाचून मी ते माझ्या...' हे काय लिहिलंय?"

"खोगिराच्या. खोगिराच्या पिशवीत."

"'...खोगिराच्या पिशवीत ठेवलं. मला मुलगा हवा होता. आमच्या घराण्यात जमीन मुलाकडेच जाते, आणि मुलाचं नावही मी ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली हे वाचून मला वाईट वाटलं, आणि सोबत्यांना सांगायची लाज वाटली. वेडिगे रोज विचारत असे. मी रोज नाही म्हणत असे. त्याच आठवड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, आम्ही सगळ्यांनी पेले उंचावले. पत्र तेव्हाही पिशवीतच होतं. मी सही केली ती नऊ दिवसांनी. बर्फातली टपालगाडी, घोडा आणि टपालवाला मी नंतर रचले. आमेलीलाही मी खरं सांगितलं नाही.'"

शेवटपर्यंत तिने त्याच आवाजात वाचलं. मग कागद खाली ठेवला. बाहेर कोंबड्यांना दाणे टाकताना दोरा स्वयंपाकीण त्यांच्यावर ओरडत होती.

"नऊ दिवस," टिली म्हणाली.

"नऊ."

"लढाई चालू होती?"

"नाही. शहर पडलं होतं. आम्ही बसून होतो. पत्ते खेळत होतो."

"मग नवव्या दिवशी काय झालं? सही का केलीत?"

हेनिंगना फार वाटलं, की इथे काहीतरी सांगावं. एखादं फ्रेंच मूल, एखादी प्रार्थना, एखादं स्वप्न. रचायला त्यांना एक क्षणही लागला नसता. चाळीस वर्षांची सवय होती.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "मी तंबाखू शोधत होतो. पत्र हाताला लागलं. म्हटलं, असू दे, करून टाकू."

टिलीने चष्मा काढला. "तंबाखू," ती म्हणाली. मग उठली, कागद आणि वही दोन्ही उचललं, आणि दार न आपटता निघून गेली.

त्या दिवशी ती जेवायला आली नाही. डोकं दुखतंय, असं दोराने येऊन सांगितलं, आणि बॅरनसाहेबांच्या पुढ्यात बटाटे जरा जोरातच आदळले. हेनिंगनी बारा माणसांच्या टेबलाशी एकट्याने जेवून घेतलं. त्यांना एकाएकी टिलीची पहिली भेट आठवली. लढाईहून ते परतले तेव्हा ती पाच महिन्यांची होती. आमेलीने तिला त्यांच्या हातात दिलं आणि पोरीने गणवेशाचं बटण तोंडात धरलं ते सोडेचना. चार माणसं जमली सोडवायला. दातच नव्हते, नुसत्या हिरड्या; तरी पकड अशी की शेवटी बटण कापून काढावं लागलं. त्या दिवसापासून मुलाचं ठरवलेलं ते नाव त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. हे पानात लिहायला हवं होतं का? पण ते लिहिलं असतं तर सफाई दिल्यासारखं झालं असतं. बरं झालं, नाही लिहिलं. की चुकलंच? त्यांना ठरवता येईना.

शनिवारी सकाळी टिली पुस्तकांच्या खोलीत आली. डोळे सुजलेले होते. तिने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. पान उतरवलेलं होतं, तिच्या नेहमीच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात, एकही शब्द न गाळता.

"दोन ठिकाणी वाक्य तोडलंय," ती म्हणाली. "फार लांब होतं."

"बरं केलंस."

"वेडिगेकाकांना काय कळवलंत?"

त्यांनी टेबलावरचा लिफाफा पुढे केला. तिने वाचलं. 'मला शब्द देता येत नाही. पत्र वेळेवर मिळालं होतं. हेडविगचा क्रम योग्य आहे. तुझीही मी फसवणूक केली, वेडिगे. जमलं तर क्षमा कर.'

"मला ठाऊक होतं ठरावाचं," टिली म्हणाली. "मंगळवारी मी दाराबाहेरच होते, कॉफी घेऊन. म्हटलं, पपा आता चिठ्ठी लिहून देतील. चार दिवस मी त्या दोन खोल्यांत मनाने राहून आले. मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवायच्या तेही ठरवलं. हेडविगचं वाईट वाटत होतं, पण मी ठरवलं."

हेनिंगना मान वर करवेना.

"चाळीस वर्षं तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, पपा. ड्यूकसाहेबांना सांगितलीत, आईला सांगितलीत, मला झोपवताना सांगितलीत. आणखी एकदा सांगितली असतीत, तर मला घर मिळालं असतं. नेमकी तेव्हाच तुम्हाला सत्याची आठवण झाली?"

"लिहिली होती चिठ्ठी. बुधवारी. सहीसुद्धा केली."

"मग?"

"जमलं नाही." ते थांबले. शब्द शोधायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा आणि तिला ते ठाऊक होतं. ती थांबून राहिली. "ते नऊ दिवस मी लबाडी केली. पण नंतरची चाळीस वर्षं लबाडीची नाहीत, टिली. बटणं मांडायचो आपण ते... तू तापाने फणफणली होतीस आणि मी मेजवानी सोडून आलो ते... ते सगळं खरं आहे. त्याच्याखाली खोटी सही नको वाटली. माझं चुकलं असेल. तुझं घर गेलं त्यात."

टिली खिडकीशी गेली.

"मला राग आलाय," ती तिथूनच म्हणाली. "तो आजच्या आज जाणार नाही."

"नको जाऊ दे."

"वर्षभरही राहील कदाचित."

"राहू दे."

"पुढची जागा कुणाची?"

हेनिंगना आधी कळलंच नाही. "काय?"

"मठात. हेडविग गेली की पुढचा नंबर माझा. पुढची जागा कोण रिकामी करेल? तुम्ही सगळ्यांना ओळखता, सगळ्यांना जेवायला बसवलंय तुम्ही. सांगा."

त्यांनी जरा विचार केला. "श्टायनबेकबाई सगळ्यांत मोठ्या. चौऱ्याऐंशीच्या."

"तब्येत?"

"नाताळात एकटीने अर्धा हंस खाल्ला म्हणतात. वर आणखी मागितला."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या त्यांच्यापेक्षा धडधाकट."

"म्हणजे सात-आठ वर्षं धरून चाला," टिली म्हणाली, जणू मधाच्या बरण्या मोजत होती. "आणि तुमचे डॉक्टर म्हणतात दोन."

"तीनसुद्धा म्हणाले होते एकदा."

"आठ लागतील. त्याआधी हे घर बोडोच्या हाती गेलं, तर मला त्याच्या बायकोच्या पडद्यांत राहावं लागेल. ते मी राहणार नाही. तेव्हा आता तुम्हाला जगायचंय, पपा. मी दोराला सांगितलंय: चरबी लावलेला पाव बंद, दुपारची पोर्ट वाइन बंद, संध्याकाळची पाइपही बंद. आणि रोज तळ्यापर्यंत चालायचं, जाऊन परत. टोपी घाला."

"आत्ता? वारा आहे गं."

"वारा मलाही लागणार आहे."

ते उठले. दोराने दारातच कोट धरला होता. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सगळ्या घराला सगळं ठाऊक झालं आहे. वेडिगेंना लिहिलेलं पत्र गाडीवानाच्या हाती देऊन दोघं बाहेर पडले. रस्त्यावर अर्धवट वितळलेला बर्फ होता, आणि राईच्या शेतावर बगळ्यांची पहिली जोडी उतरली होती. टिली पुढे, हेनिंग चार पावलं मागे. लिंडनच्या झाडांपाशी त्यांना धाप लागली आणि ते थांबले.

"आठ वर्षं फार होतात," ते मागून म्हणाले. "मी एकोणसत्तरचा आहे."

"श्टायनबेकबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत," टिली वळून न बघता म्हणाली. "श्वास घ्या नीट. मग चला."

ते चालू लागले. तिने हात पुढे केला नाही, पण चाल मात्र कमी केली.